शब्दचर्चा : दमलेल्या तुकडीला ‘रेस्ट’ की आणखी काही?

अजिंक्यताऱ्याखाली :
नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतली पोरं ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकावरचा खेळ खेळायला लागलीत. त्यांच्यासाठी मराठीत एक टिपण लिहितोय: तुकडी आघाडीवरून मागं कधी घ्यायची, किती थांबवायची, नवी माणसं कधी भरायची, सराव कधी द्यायचा. खेळ कळतो, शब्द अडतात. यंत्राकडून भाषांतर करून बघितलं, तर त्यानं ‘ऑर्गनायझेशन’चं सरळ ‘संघटना’ केलं. ‘तुकडीची संघटना शून्यावर आली’ असं वाचलं की डोळ्यापुढं रणगाडे उभे राहत नाहीत, कारखान्याच्या गेटवर ऊसदरासाठी बसलेली माणसं दिसतात. ‘रेस्ट’ला विश्रांती आणि ‘ट्रेनिंग’ला प्रशिक्षण हे चालतं, पण वाचताना सरकारी परिपत्रकाचा वास येतो. काही सुचतंय का?

वाईची_गल्ली :
विश्राम! सावधान-विश्राममधला. शाळेत रोज ऐकलाय सगळ्यांनी.

अजिंक्यताऱ्याखाली :
म्हणूनच नको. ‘विश्राम’ म्हटलं की पोरं पाय फाकवून हात मागं बांधतील. त्या आज्ञेत आराम कुठं असतो?

कृष्णाकाठ_सांगली :
शब्द शोधण्याआधी एक विचारतो. ‘रेस्ट’ म्हणताना तुम्हाला नक्की काय भरून काढायचंय? खेळात त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडल्यात. त्या सुट्या केल्या नाहीत तर टिपण वाचून पोरं चुकीचंच खेळतील.

पहिली, तुमचं ते ऑर्गनायझेशन. लढाईत ही पट्टी उतरत जाते आणि संपली की तुकडी मागं हटते. माणसं, बंदुका भरपूर शिल्लक असल्या तरी हटते. लढाईबाहेर उभी राहिली आणि रसद पोचत असली, की पट्टी आपोआप चढते. दुसरी, माणसं आणि सामान. ती नुसतं बसून येत नाहीत, कोठारात असतील तरच येतात. तिसरी, अनुभव. तो बसून तर वाढत नाहीच, उलट माणसं पडली आणि त्यांच्या जागी नवी आली की कमी होतो.

म्हणजे ‘विश्रांती’नं बरी होते ती फक्त पहिली. आणि पहिलीला आपल्याकडं चांगला शब्द पडून आहे: दम. मैदानात पैलवान हरतो तो ताकद संपली म्हणून नव्हे, दम सुटला म्हणून. ‘तुकडीत माणसं आहेत, पण दम नाही’ हे वाक्य कुंडलच्या मैदानात कुस्त्या बघितलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. एकूण किती वेळ टिकू शकते ती कमाल मर्यादा सांगायची असेल तर ‘दमसास’. गवयाला लावतो तोच शब्द.

अजिंक्यताऱ्याखाली :
वा. ‘दम’ घेतला. मग तुकडी मागं नेऊन ठेवण्याला काय? मी ‘छावणी’ लिहून ठेवलंय. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायच्या आणि पावसाळ्यात छावणीला राहायच्या. घोडी, माणसं, हत्यारं सगळं त्या काळात धड व्हायचं. अर्थ नेमका बसतो.

माणदेशी :
दादा, शब्द भारी हाय, पण आमच्याकडं माण-खटावात नि तिकडं जत-आटपाडीत छावणी म्हणजे जनावरांची. चारा छावणी. दुष्काळात दावणीला बांधलेली गुरं, पाण्याचे टँकर, पेंढ्यांची मोजणी. तुमचं टिपण दहिवडीचं पोरगं वाचंल तर म्हणंल, रणगाड्याला कडबा घालायचा का काय?

कृष्णाकाठ_सांगली :
हसून सोडण्यासारखं नाही हे, शब्दाचा आजचा अर्थ हाच आहे. तरी मला ‘छावणी’ चालेल. कारण जनावरांची असो की फौजेची, छावणीत खायला-प्यायला पुरवणारा कुणीतरी लागतो. तो नसला तर नुसता ‘तळ’ उरतो. तळ आणि छावणी यांत फरक करावा असं मला वाटतं. पानिपतावर मराठी फौज अडीच महिने एका जागी होती. त्या काळात तिचा दम भरून आला का? रसद तुटली, माणसं आणि जनावरं उपाशी पडली आणि १४ जानेवारी १७६१ ला तशीच लढाईला उभी राहिली. तो तळ होता, छावणी नव्हे. खेळातही हेच होतं. नकाशावर रसदीचा रंग लाल झालेल्या मुलखात तुकडी कितीही थांबवा, हाती काही लागत नाही.

वाईची_गल्ली :
आणि छावणीची जागा चुकली तर? १७०० मध्ये साताऱ्याचा किल्ला आणि मग परळी (म्हणजे सज्जनगड) घेऊन औरंगजेबाची फौज पावसाळ्यात माणकाठी खवासपुराला छावणीला उतरली आणि नदीला पूर आला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. माणदेशींच्या गावचीच नदी.

माणदेशी :
आमची नदी वर्षातनं चार दिवस वाहती, आणि नेमकी तवाच वाहिली म्हणायची.

सिव्हवाला_मिरज :
मी या गावचा नाही, म्हणजे त्या खेळाचा नाही. मी ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळतो. तिथं तुकडी काही न करता थांबली तर शहरात एका खेळीला २० गुण भरून येतात, आपल्या मुलखात १५, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर १०, शत्रूच्या हद्दीत फक्त ५. तळ आणि छावणीतला फरक आकड्यांत हवा असेल तर हा घ्या. शत्रूच्या हद्दीतल्याला ‘छावणी’ म्हणू नये हे पटतं. मात्र त्या खेळात दम आणि माणसं वेगळी मोजतच नाहीत, एकच पट्टी असते. त्यामुळं तुमचे तीन शब्द सगळीकडं लागू होतील असं धरून चालू नका.

पलटणवाला :
मी फौजेत होतो, आता गावी असतो. पोरगा ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ खेळतो, मी मागं उभा राहून बघतो. तुम्ही इतिहासातले शब्द काढताय ते चांगलंच, पण फौजेत आजही एक शब्द रोज वापरात आहे आणि साताऱ्यात घराघरांत तो माहीत आहे. ‘पलटण फील्डला आहे’ आणि ‘पलटण पीसला आली’. सीमेवरची मुदत संपली की पलटण पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठाण्याला येते. आपशिंग्यासारख्या फौजींच्या गावात बायकासुद्धा हेच बोलतात, कारण पीसला आली की कुटुंब नेता येतं.

पण पीस म्हणजे झोपा काढणं असं समजू नका. नवीन आलेल्यांना तयार करणं, कोर्स, फायरिंग, इन्स्पेक्शन, सगळं तिथंच. फील्डपेक्षा पीसला जास्त पळवतात असं जवान म्हणतात ते उगाच नाही.

अजिंक्यताऱ्याखाली :
काका, हे फार कामाचं आहे. ‘तुकडी पीसला घ्या’ असं लिहिलं तर इथल्या पोरांना लगेच कळेल. आता दुसरा अर्धा भाग. ट्रेनिंगला कवायत, तालीम, सराव की प्रशिक्षण?

कृष्णाकाठ_सांगली :
‘प्रशिक्षण’ सोडा, बाकीचे तीनही शब्द ठेवा, तीन वेगळ्या कामांना.

‘कवायत’ मूळ अरबीतला, कायद्याचं अनेकवचन. म्हणजे नियम. हुकूम ऐकून रांगेत हलणं, एकदम बार काढणं. महादजी शिंद्यांनी दि बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून उभ्या केलेल्या पलटणींना ‘कवायती’ म्हणतात ते याच अर्थानं. त्यांच्यातला एकेक शिपाई एकट्यानं शूर होता की नाही हा प्रश्न वेगळा. तेव्हा कोऱ्या माणसाचा शिपाई करणं, म्हणजे भरतीनंतरचं पहिलं शिक्षण, ती कवायत.

‘सराव’ म्हणजे येतं तेच पुन्हा पुन्हा करून हातात बसवणं. तयार तुकडीला नकाशावर उभं करून जे ‘एक्सरसाइज’ बटण दाबता तो सराव. वर्तमानपत्रांत ‘युद्धसराव’ रुळलेलाच आहे.

‘तालीम’ मात्र सांगलीकर म्हणून जपून वापरायला सांगतो. आमच्याकडं तिचे दोन अर्थ जिवंत आहेत. एक आखाड्याची. दुसरी नाटकाची, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केल्यापासून तिच्यावर आमचा जरा हक्कच आहे. नाटकाची तालीम ठरलेल्या प्रयोगासाठी असते. खेळात नकाशावर हल्ल्याचा बाण आखून फौज थांबवून ठेवली की तयारीचा फायदा हळूहळू चढत जातो, त्याला ‘तालीम’ म्हणा. हल्ला सुरू झाला की तो फायदा ओसरत जातो. प्रयोग झाल्यावर तालमीचं काय उरतं?

वाईची_गल्ली :
शेवटचं जरा ओढून आणलेलं वाटतंय. आराखड्याचा फायदा म्हणा की सरळ.

कृष्णाकाठ_सांगली :
असेल. पण ‘आराखडा’ म्हटलं की मला नगरपालिका आठवते.

पलटणवाला :
कवायतीबद्दल एक. आमच्यात भरती झालेला पोरगा रंगरूट. मराठा रेजिमेंटचा रंगरूट बेळगावच्या सेंटरला घडतो. कसम परेड झाली की तो जवान. खेळात शिक्षण पुरं व्हायच्या आत तुकडी नकाशावर उतरवता येते, पोरगा घाई झाली की तेच करतो. मी त्याला म्हणतो, कसम परेड न झालेली पोरं सीमेवर पाठवलीस. त्याला तेवढं बरोबर कळतं.

अजिंक्यताऱ्याखाली :
तुकडीच्या अनुभवाच्या पाच पायऱ्या असतात: ग्रीन, ट्रेन्ड, रेग्युलर, सीझन्ड, व्हेटरन. पहिली ‘रंगरूट’ आणि दुसरी ‘कवायत झालेली’ इथंच मिळाली. पुढं?

कृष्णाकाठ_सांगली :
तिसरी ‘सरावलेली’. हे आपोआप जुळतं, कारण सराव देऊन तुकडी तिसऱ्या पायरीपर्यंतच चढते. पुढं प्रत्यक्ष लढाईच लागते. चौथी ‘मुरलेली’.

सिव्हवाला_मिरज :
आणि पाचवी ‘कसलेली’.

कृष्णाकाठ_सांगली :
नको. कसलेलं शरीर मेहनतीनं होतं, त्याला शत्रू लागत नाही. तसा तो तिसऱ्या पायरीचा शब्द झाला. पाचवीला ‘तावून-सुलाखून निघालेली’ हेच खरं, पण बटणावर मावणार नाही.

माणदेशी :
‘जुनीजाणती’ लिवा. आमच्यात म्हाताऱ्या बैलालाबी म्हणत्यात आन् सरपंचालाबी.

अजिंक्यताऱ्याखाली :
घेतलं. आता माणसं भरण्याचा शब्द राहिला. ‘रीइन्फोर्समेंट’ला सगळे ‘कुमक’ लिहितात.

पँझरप्रेमी :
इथं मी बोलतो, कारण ‘पँझर जनरल’ (१९९४) या युद्धखेळापासून मी हेच करत आलोय. कुमक म्हणजे दुसरी फौज मदतीला येणं. ती आली तरी तुमची तुकडी होती तेवढीच राहते. तुकडीतले खड्डे बुजवणं ती ‘भरती’, किंवा ‘भरपाई’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो म्हणून आपण गोंधळ का ओढवून घ्यायचा?

शिवाय भरतीचे दोन प्रकार. पँझर जनरलमध्ये आणि नंतरच्या ‘पँझर कॉर्प्स’मध्ये (२०११) साधी भरती स्वस्त, पण तुकडीचा अनुभव उतरवते. दुसरी निवडक माणसांची, महाग, अनुभव टिकवणारी. पहिल्या प्रकाराला मराठीत तयार शब्द आहे आणि तो इतका चपखल आहे की मी खेळताना मोठ्यानं म्हणतो: खोगीरभरती. खोगिरात चिंध्या-गवत कोंबून ते फुगवतात, तसं नुसतं आकार दाखवायला भरलेलं. तुकडी पटावर दहाची दिसते, आत निम्मे रंगरूट. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतलं, पातेलं भरलं, तसला प्रकार.

पण दरवेळी निवडकच भरती घेणाराही फसतो, पुढच्या मोहिमेला प्रतिष्ठेचे गुण, म्हणजे त्या खेळातला पैसा, उरत नाहीत. माझा हिशेब असा: जी तुकडी फक्त नदीचा पूल धरून बसणार तिला खोगीरभरती पुरते. जी भाल्याच्या टोकासारखी पुढं घुसणार तिलाच निवडक. आणि काहीही घ्या, आधी शत्रूच्या शेजारच्या घरातून बाहेर काढा, कारण चिकटून उभं राहून घेतलेली भरती कमी मिळते. शिवाय त्या खेळीत ती तुकडी ना हलते ना लढते.

वाईची_गल्ली :
‘मेडिव्हल २’ या खेळात ‘रीट्रेन’ असं बटण आहे. त्याचं कुणी ‘पुनर्प्रशिक्षण’ केलेलं बघितलंय. प्रत्यक्षात तिथं शहरात नेऊन पडलेली माणसं भरून घेतात.

पँझरप्रेमी :
मग भरपाईच. बटणावर काय लिहिलंय ते सोडा, बटण दाबल्यावर काय होतं ते लिहा.

सिव्हवाला_मिरज :
एक राहिलं. सराव देताना सामान खराब होतं ना तुमच्या त्या खेळात? त्याला?

अजिंक्यताऱ्याखाली :
झीज. त्यावर वाद नको, ट्रॅक्टरवाल्यापासून सगळे तेच म्हणतात. कोठार रिकामं असताना सराव लावला की बंदुका झिजतात, बदली मिळत नाही, आणि तुकडी शिकलेली पण अर्धी होते. टिपणातला पहिला परिच्छेद असा केलाय, बघा:

‘तुकडीचा दम निम्म्याच्या खाली आला की आघाडीवरून काढा आणि रसद पोचते अशा मुलखात पीसला न्या. तिथं पोचल्यावर लगेच सराव लावू नका. आधी तुकडीला दम द्या. मग कोठार बघून भरती घ्या. माणसं भरली की, आणि बंदुका शिल्लक असतील तरच, सराव लावा. सरावलेली झाली की थांबवा, पुढं नुसती झीज होते. मुरलेल्या तुकडीत एकदम खोगीरभरती करू नका, थोडी थोडी करा.’

कृष्णाकाठ_सांगली :
‘तुकडीला दम द्या’ तेवढं बदला. दम देणं, दम भरणं म्हणजे दटावणं. दम खाऊ द्या म्हणा.

पलटणवाला :
बरोबर. दम द्यायला पलटणीत सुभेदार मेजर साहेब असतात, ते काम खेळणाऱ्यानं अंगावर घेऊ नये.