मुलाची पाठ फक्त रात्री दुखते, एमआरआयमध्ये ‘सूज’

मुलगा १४ वर्षांचा. सात महिने झाले, कमरेच्या जरा वर डावीकडे दुखतं. दिवसा खेळतो, पण रात्री अडीचला उठून बसतो. आयबुप्रोफेन दिली की तासाभरात झोपतो. एक्स-रे साफ होता. दप्तराचं ओझं, वाकून बसणं, अभ्यासाचा ताण, सगळी कारणं ऐकून झाली. आता पाठ डावीकडे झुकलेली दिसते. एमआरआयमध्ये मणक्याच्या मागच्या भागात सूज आहे, ‘गाठ नाकारता येत नाही’ असं लिहिलंय. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

उत्तर १
ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. निदान इथे करता येणार नाही, पण रात्रीचं दुखणं, या गोळीने पडणारा उतार आणि वाकलेली पाठ हे तिन्ही एकत्र आले की ऑस्टिऑइड ऑस्टिओमा मनात यायलाच हवा. ही हाडातली साधी गाठ, कॅन्सर नव्हे. ती प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारं रसायन तयार करते आणि गोळी नेमकं तेच रोखते, म्हणून ती इतकी लागू पडते. एमआरआयमध्ये भोवतालची सूजच डोळ्यांत भरते आणि मधला दाणा, म्हणजे गाठीचा गाभा, निसटतो. त्या मणक्याचा पातळ थरांचा सीटी स्कॅन करता येईल का, हे विचारा. दाणा सहसा दीड सेंटिमीटरहून लहान असतो. मोठा असला तर ऑस्टिओब्लास्टोमा या तशाच पण मोठ्या गाठीचा विचार करतात. पायात अशक्तपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर थांबू नका, लगेच दाखवा.

उत्तर २
मला सोळाव्या वर्षी हेच झालं होतं. दीड वर्ष ‘स्नायू आखडलेत’ ऐकलं. सगळ्यात जास्त लागलं ते ‘शाळा चुकवायला करतो’ हे. मुलावर विश्वास ठेवलात, हे फार मोठं केलंत. माझा दाणा नसेपासून (मज्जातंतूपासून) लांब होता, म्हणून सीटीत बघत सुई घालून रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे विद्युतलहरींच्या उष्णतेने, जाळला. सुईचं टोक साधारण ९० अंशांपर्यंत तापवतात, काही मिनिटंच. दुसऱ्या रात्री मी सलग झोपलो. आई मात्र सवयीने अडीचला येऊन बघून गेली. तुमच्या डॉक्टरांना दाणा आणि नस यांच्यामध्ये हाड शाबूत आहे का, हे जरूर विचारा. फार जवळ असेल तर शस्त्रक्रियेने काढणं बरं. पाठीचा बाकही फार जुना होऊ देऊ नका. दाणा लवकर निघाला तर बाक बहुधा आपोआप सरळ होतो. माझा थोडा राहिलाच.

प्रश्नकर्ती
सीटी झाला. लॅमिनात, म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीत, ८ मिलिमीटरचा दाणा, भोवती पांढरं कडं. नसेपासूनचं अंतर सोमवारी मोजून सांगणार आहेत. तुमचा प्रश्न कागदावर लिहून नेतेय.