अनुभव धागा: दिवसाच्या वीजसवलतीचा तुमच्या घरी किती फायदा झाला?

महावितरणच्या टीओडी (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) किंवा स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये वापरलेल्या युनिटवर सवलत मिळते. सुरुवात 80 पैशांची, पुढे टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत. आपल्या खान्देशात कूलरला सुट्टी नसते, म्हणून विचारते: कोणी कामांच्या वेळा बदलल्या? काय हाती लागलं?

भुसावळ
निवृत्त आहे, दिवसभर घरीच. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की कूलर सकाळपासून चालूच. 200 वॅटचा कूलर आठ तासांत 1.6 युनिट खातो, म्हणजे 80 पैशांनी धरलं तर दिवसाला सव्वा रुपया सुटतो, महिन्याला 38 च्या आसपास. एसीवाल्यांचं गणित मोठं आहे. तासाला दीड युनिट धरून दुपारी चार तास चालवला, तर महिन्याला 144 रुपये. कोणतीही सवय न बदलता मिळतात, मग का सोडायचे?

अमळनेर
आमच्याकडे घरगुती गिरणी आहे. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) दळण मी पहाटे उरकायची, आता जेवणं झाल्यावर दुपारी बसते. इस्त्री, वॉशिंग मशीन, गच्चीवरच्या टाकीची मोटरही नऊनंतरच. मोटरचं मात्र नळाला पाणी केव्हा येतं त्यावर असतं, तिथे इलाज नाही.

धुळे
आम्ही दोघंही नोकरीला. नऊला कुलूप, सहाला घरी. दिवसा फक्त फ्रिज चालतो. मशीनला टायमर आहे, कपडे टाकून अकराची वेळ लावून जातो. गिझर मात्र सकाळी सातलाच लागतो. अशा घरांनी फार आशा धरू नये, असं माझं स्पष्ट मत.

शहादा
एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात घ्या. सवलतीमुळे एकूण युनिट कमी होत नाहीत. 100 च्या वर, मग 300 च्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर चढतो. शेजारच्या ताईंनी ‘दिवसा स्वस्त आहे’ म्हणून रिकाम्या खोलीतला कूलरही चालू ठेवला, तर मी त्यांना बिलावरचे टप्पे दाखवले. रात्रीचं काम दिवसा आणा, नवीन काम काढू नका.

चोपडा
भुसावळच्या काकांना विचारायचं होतं, सवलतीची रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत दिसते का?