प्लेटलेट्सच्या जोडीला पीसीव्हीही बघा

'डेंग्यूत प्लेटलेट्स 50 हजारांखाली गेल्या की चढवायलाच हव्यात' हे मत पटत नाही. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट्स चढवून फायदा होत नाही. साधारण 10 हजारांखाली गेल्यावरच तो विचार होतो. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) पाझरल्यामुळे, आणि त्याची खूण प्लेटलेट्सचा आकडा असतो त्याच सीबीसी (रक्ततपासणी) रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा एचसीटी या ओळीत असते. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के; द्रव पाझरला की रक्त दाट होतं आणि हा आकडा वाढतो. प्लेटलेट्स उतरताहेत आणि पीसीव्ही 38 वरून 46 वर गेलाय, म्हणजे 20 टक्क्यांहून जास्त वाढ, तर रुग्ण धोक्यात आहे, मग प्लेटलेट्स 80 हजार का असेनात. हे घडतं आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या रिपोर्टसाठी थांबू नका, हॉस्पिटल गाठा.

आणि हो, रुग्ण ठणठणीत असताना मशीनने अचानक 15 हजार दाखवले तर लॅबला स्लाइडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) कधीकधी प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीनच्या मोजणीतून ते सुटतात.