मदत हवी आहे: ऑपरेशनआधीच्या तपासणीत आईचं हेपटायटिस सी 'रिॲक्टिव्ह'

नमस्कार. आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं ठरलंय, खडे आहेत. त्याआधी एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी तपासले. पहिले दोन निगेटिव्ह, पण अँटी-एचसीव्ही, म्हणजे हेपटायटिस सीची तपासणी, रिॲक्टिव्ह (पॉझिटिव्ह). तिला कधी कावीळ झालेली नाही. माझ्या जन्मानंतर, १९८६ साली, रक्त चढवलं होतं, एवढंच आठवतं. सर्जन म्हणाले, आधी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, मग तारीख ठरवू.

तेव्हापासून आईने स्वतःचं ताट-वाटी वेगळं केलंय, नातीला जवळ घेत नाही. मला ते बघवत नाही. रिपोर्ट चुकू शकतो का? ऑपरेशन होईल ना? आम्हीही तपासून घ्यायचं का?

प्रतिसाद
ताई, ताट-वाटी आजच एकत्र करा आणि नातीला आजीच्या मांडीवर बसवा. हा विषाणू रक्तातून पसरतो, एकत्र जेवल्याने किंवा जवळ घेतल्याने नाही. टूथब्रश, ब्लेड, नेलकटर तेवढे वेगळे ठेवा.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. असे रिपोर्ट हातात घेऊन हबकलेली माणसं नेहमी बघते. अँटी-एचसीव्ही म्हणजे प्रतिपिंडांची, विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या घटकांची तपासणी. विषाणू आपोआप निघून गेला तरी ती रिॲक्टिव्ह राहते, कधी खोटी पॉझिटिव्हही येते. आता संसर्ग आहे का, हे एचसीव्ही आरएनए पीसीआर या, रक्तात थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीवरून कळतं. ती आधी करा. पॉझिटिव्ह आली तरी साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात.

१९८६ च्या रक्ताची शंका रास्त आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्याआधी रक्तदात्यांची तपासणी शक्यच नव्हती. रक्त तुमच्या जन्मानंतर चढवलं, म्हणजे त्या रक्तामुळे जन्मावेळी आईकडून तुम्हाला लागण झालेली नसणार, पण धाकटं भावंड असेल तर त्याने तपासून घ्यावं. वडिलांनीही.

संसर्ग आहे म्हणून ऑपरेशन नाकारू नये. नुकती लागण झालेल्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून आम्ही प्रत्येक रुग्णाच्या वेळी सारखीच काळजी घेतो. खरा प्रश्न लिव्हर किती चांगलं आहे हा. सिरोसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) असेल तर ऑपरेशनचा धोका वाढतो, त्यासाठीच तुम्हाला तिकडे पाठवलंय.

धागाकर्ती
खूप आभार. आईला वाचून दाखवलं, रडली. पीसीआरसाठी रक्त दिलंय, धाकट्या भावालाही सांगितलं. मधल्या काळात पोटात पुन्हा कळ आली तर रिपोर्टची वाट बघायची?

प्रतिसाद
मुळीच नाही. कळ थांबत नसेल, किंवा थंडी-ताप, डोळे पिवळे दिसले तर तडक दवाखाना गाठा. तातडीचं ऑपरेशन पीसीआरसाठी अडत नाही. हातातला रिपोर्ट मात्र डॉक्टरांना आधी दाखवा.