मदत हवी आहे : टाकीखाली क्लोरीन बरोबर, शेवटच्या नळाला शून्य

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या गावातून लिहितेय. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देतात, आमच्या पाचातली मी एक, किट माझ्याच घरी असतं. काम मनापासून करते पण आता पुढे काय करायचं तेच कळेना म्हणून हा धागा.

आमचं पाणी नदीकाठच्या विहिरीवरून मोटरने ५० हजार लिटरच्या टाकीत येतं, तिथून गावठाणात आणि पुढे तीन इंची पाईपने दोनेक किलोमीटर मळ्यातल्या वस्तीवर जातं. पाणी दिवसाआड, एक तास. ओटी टेस्ट (थेंब टाकून पाण्यात उरलेला क्लोरीन बघायची चाचणी) घेतली की टाकीखालच्या नळाला लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास मस्त पिवळा रंग येतो, शाळेजवळ फिका पण येतो, आणि वस्तीवर काहीच नाही. नळाला निदान ०.२ तरी पाहिजे असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. मागच्या महिन्यात वस्तीवरचं सॅम्पल लॅबमधून 'पिण्यास अयोग्य' म्हणून आलं आणि त्याच आठवड्यात तिथली तीन पोरं जुलाबाने आजारी होती, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नाही.

पंचायतीत सांगितलं तर म्हणे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवा. आधी एका टाकीला २५० ग्रॅम टाकायचे, ते ४०० केलं. वस्तीवर तरी शून्यच, आणि टाकीजवळच्या आळीत वास येतो म्हणून दोन घरांनी नळाचं पाणी प्यायचं सोडून मळ्यातल्या उघड्या विहिरीचं आणायला सुरुवात केली. म्हणजे आणखीनच वाईट झालं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडायचा आजार) पेशंट निघाले तेव्हा सगळे पाण्याबद्दल बोलत होते, चार महिन्यात सगळे विसरले.

कुणी पाणीपुरवठ्यात काम केलं असेल तर सांगा, आधी काय बघू?

प्रतिसाद १ :
ताई, पावडर वाढवणं आधी थांबवा. मी २२ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, हा प्रकार दिवसाआड पाणी असलेल्या बऱ्याच गावांत बघितलाय. साधा हिशोब करा, तीन इंची पाईप दोन किलोमीटर म्हणजे नुसत्या पाईपातच जवळजवळ ९ हजार लिटर पाणी बसतं. वस्तीवर ३० घरं असतील तर ५५ लिटर माणशी धरून एका दिवसाची गरजच साधारण तेवढी. म्हणजे टाकीतलं ताजं पाणी वस्तीवर पोचेपर्यंत तास संपत आलेला असतो, लोक भरतात ते परवापासून पाईपात थांबलेलं, त्यातला क्लोरीन कधीच संपलेला. तुम्ही टेस्ट कधी घेता, पाणी सुटल्या सुटल्या का?

आणि लाईन मधे कुठे रिकामी होत असेल तर त्याहून धोक्याचं. पाणी बंद झालं की प्रेशर जातं आणि गळतीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यामुळे पाणी चालू असताना टाकीपासून वस्तीपर्यंत दर दोनतीनशे मीटरवर ओटी घ्या. क्लोरीन हळूहळू उतरत गेला तर वेळेचा दोष, एका ठिकाणी धाडकन पडला तर तिथेच कुठेतरी गळती. व्हॉल्व्हची चेंबरं उघडून बघाच.

प्रतिसाद २ :
वरच्या दादांचं बरोबर आहे, फक्त पावडरीकडेही बघा. पोतं उघडं राहिलं की पावसाळी हवेत टीसीएलचा जोर जातो. नव्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, २० च्या खाली गेला तर ती वापरायचीच नाही, नमुना जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत देता येतो. पावडर सरळ टाकीत ओतत असतील तर ते बंद करा, बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी टाकीत, मग निदान अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. सॅम्पलची बाटली लॅबने दिलेलीच घ्या आणि विसळू नका, आत क्लोरीन मारणारं औषध असतं, ते धुऊन गेलं तर बाटलीत क्लोरीन चालूच राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

द्राक्षाचा पट्टा आहे तुमचा, खतं भरपूर, तर विहिरीचं नायट्रेटही बघा, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते क्लोरीनने जात नाही, उकळून तर उलट वाढतं.

(मूळ लेखिका) :
दोघांचे खूप आभार. हो, मी पाणी आलं की पहिलीच बाटली भरत होते, पाईपातल्या पाण्याचं डोक्यातच आलं नाही. काल पाणीवाल्या दादांना आणि वस्तीवरच्या दोघींना घेऊन पूर्ण लाईन चालले. शाळेपर्यंत ०.३, ओढ्याच्या मोरीअलीकडे ०.२, आणि मोरी ओलांडल्यावर एकदम शून्य. तिथलं चेंबर उघडलं तर व्हॉल्व्ह अख्खा गटाराच्या पाण्यात बुडालेला आणि त्याच्या सांध्यातून पाणी उडत होतं. फोटो काढून पंचायतीत दाखवले, सोमवारी दुरुस्ती करतो म्हणालेत. पावडर परत २५० वर आणली, पोतं आता झाकणाच्या ड्रममध्ये आहे. वस्तीवर घरोघर जाऊन पाणी उकळूनच प्या असं सांगून आले. नायट्रेटचं सॅम्पलही देतेय.

आता एकच सांगा, व्हॉल्व्ह बदलल्यावर मोरीपासून वस्तीपर्यंतची लाईन धुवायची कशी? शेवटाला वॉशआऊट (लाईन धुवून पाणी बाहेर सोडायचं तोंड) नाहीये, शेवटच्या नळानेच सोडावं लागेल. आणि नवीन सॅम्पल किती दिवसांनी घेऊ?