यंत्र तर्क करतं की नुसते नियम पाळतं?

मागवाला_सोलापूर
आमच्या पूर्व भागात चादरीचा जकार्ड माग चालताना जवळ उभं राहून बघा. पुठ्ठ्यात भोक असलं की हूक वर जातो, उभा धागा उचलला जातो. भोक नसलं की धागा खालीच. हो किंवा नाही, तिसरं काही नाही. जकार्डने हे फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जमवलं. पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तेच भोकाचे पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. १८५४ मध्ये गणितज्ञ बूलने तर्काचं बीजगणित, म्हणजे खरं-खोटं यांचा हिशेब, मांडलं, १९३७ मध्ये अमेरिकन अभियंता शॅननने ते विजेच्या स्विचांवर बसवून दाखवलं. म्हणून म्हणतो, यंत्रही तर्कच करतं.

धूमाग्नी
अजिबात पटलं नाही. चादरीवर मोर कुठे येणार हे डिझाइन करणाऱ्याने चौकटीच्या कागदावर आधीच ठरवलेलं असतं. विचार त्याचा, मागाचा नव्हे.
आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (नियम समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. हे स्वयंपाकघर दाखवावंच लागतं, नुसता नियम सांगून सुटका नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उलटूनही तपासतात. तापून लाल झालेल्या लोखंडात आग आहे, धूर कुठाय? म्हणजे आगीवरून धूर सिद्ध होत नाही. नियम कुठे तुटतो हे हुडकणं, याला मी तर्क म्हणते.

मागवाला_सोलापूर
ताई, मग १९५६ चा 'लॉजिक थिअरिस्ट' घ्या. न्यूएल, सायमन आणि शॉ यांचा संगणकाचा प्रोग्रॅम. 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या गणिती तर्कावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सिद्ध केली. तिथे मोर कुणी काढून दिला नव्हता, वाट त्यानेच शोधली.

धूमाग्नी
गृहीतकं कुणी दिली? ती खरी का, हे त्याने एकदा तरी विचारलं?

भूमितीमास्तर
मी नववीला शिकवतो. पक्ष, साध्य, सिद्धता सगळं घडाघडा लिहितात, 'का' विचारणारं पोर क्वचितच. ताईंची कसोटी लावली तर अर्धा वर्ग नापास. यंत्राला नाकारायचं तर या पोरांनाही नाकारा.

धूमाग्नी
पाठांतराला तर्क मी म्हणणारच नाही, मग ते कुणाचंही असो. सर, आकृतीतली अक्षरं बदलून द्या, पोर लगेच अडेल.

मागवाला_सोलापूर
अक्षरं बदलली म्हणून तो प्रोग्रॅम अडत नाही. मग तुमच्याच कसोटीवर तो पास झाला ना?