ग्रिफिन एक नंबरवर आहे, म्हणून आपण जिंकलो का?

तीननद्या

२०२५ चा हंगाम संपलाय. काल एका सभासदाने आपल्या बेसबॉल संघाच्या, पिट्सबर्ग पायरेट्सच्या, धाग्यावर लिहिलं, "बेसबॉलमधला एक नंबरचा प्रॉस्पेक्ट आपल्याकडे, वर स्कीन्स आपल्याकडे. दोन वर्षांत वर्ल्ड सिरीज. ज्यांना याद्या कळत नाहीत त्यांनी क्रिकेट बघावं." प्रॉस्पेक्ट म्हणजे मेजर लीगमध्ये अजून न आलेला होतकरू खेळाडू, अशांच्या क्रमवार याद्या निघतात. आपला एक नंबरवाला म्हणजे कॉनर ग्रिफिन, आणि स्कीन्स आपला पिचर. तिथे चार ओळी लिहायला बसलो, पण आवरेना. म्हणून वेगळा धागा.

मी २००१ पासून, म्हणजे नवीन मैदान उघडलं तेव्हापासून, पिट्सबर्गमध्ये हा संघ बघतोय. याद्या मला कळतात. याद्यांनीच मला रडवलंय. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिली निवड आपली होती आणि आपण ब्रायन बुलिंग्टन घेतला. त्याच फेरीत पुढे झॅक ग्रिंकी, प्रिन्स फील्डर, कोल हॅमल्स हे पुढचे तारे गेले. बुलिंग्टनने पायरेट्ससाठी एकही सामना जिंकला नाही. २०२१ ला पुन्हा पहिली निवड मिळाली. हेन्री डेव्हिसला ६५ लाख डॉलर दिले, आणि २०२४ मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी होती जेमतेम .१४४. २०२२ ला चौथ्या क्रमांकावर टर्मार जॉन्सन आला. शाळकरी पोरांत असा बॅटर कित्येक वर्षांत झाला नाही, असं तेव्हा जो तो लिहीत होता. आज त्याचं नाव शोधायला यादी खाली सरकवावी लागते.

आता ग्रिफिन. २०२५ मध्ये सरासरी .३३३, २१ होमरन, ६५ चोरलेल्या बेस, आणि वय १९. डोळे दिपतात, मान्य. पण हे आकडे मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या, तीन ठिकाणांची गोळाबेरीज आहेत. ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो आणि शेवटी अल्टूना. ग्रीन्सबरोचं मैदान बॅटरला किती झुकतं माप देतं हे मायनर लीग बघणाऱ्या कुणालाही विचारा. अल्टूनाला, म्हणजे डबल-एला (मायनर लीगची वरून दुसरी पायरी), तो फक्त २१ सामने खेळला. पोराची खरी परीक्षा तिथे सुरू होते, कारण तिथल्या पिचरला ठरवून स्ट्राइकच्या बाहेर चेंडू टाकता येतो. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये आपल्याआधी आठ संघांनी त्याला सोडला तो याच शंकेने, की बॅट चेंडूला लागेल का.

सप्टेंबरमध्ये मी बायकोला घेऊन अल्टूनाला गेलो होतो. उजव्या कुंपणामागे तो लाकडी रोलर कोस्टर दिसतो, तेच मैदान. सगळे त्याच्या पळण्याकडे बघत होते. मी दोन स्ट्राइक झाल्यावर तो कशावर बॅट फिरवतो आणि काय सोडतो, एवढंच बघत होतो. पोरगा मला आवडला, खरंच आवडला. म्हणूनच त्याच्या गळ्यात आत्ताच वर्ल्ड सिरीज बांधू नका.

आकडेमोड

तुम्ही फसलेली नावं तेवढी वेचलीत. मॅकचन २००५ चा, अकरावी निवड. गेरिट कोल २०११ चा, पहिली निवड. स्कीन्स २०२३ चा, पहिली निवड. ११ मे २०२४ ला आला, १.९६ ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं), रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. पुढच्या वर्षी १.९७ आणि एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. ही नावं तुमच्या परिच्छेदात का नाहीत?

आणि मुख्य मुद्दा तुम्ही एका शब्दात उरकलात: वय. डबल-एमधले बहुतेक खेळाडू तेविशी-चोविशीचे असतात, कॉलेज संपवून आलेले. त्यांच्यात १९ वर्षांचा पोरगा नुसता टिकला तरी ती मोठी गोष्ट. हा टिकला नाही, त्याने २१ सामन्यांत पाच होमरन मारले. २१ सामने थोडे आहेत, हे कबूल. पण वर्षभरात पाच वेळा बॅटिंगला आला की साधारण एकदा स्ट्राइकआउट, एवढंच त्याचं प्रमाण आहे. ज्या शंकेने आठ संघ मागे सरले, तिला त्याने एका हंगामात उत्तर दिलं. स्काउट २० ते ८० च्या मापात गुण देतात आणि ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. पळणं, हात, ताकद, शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली) क्षेत्ररक्षा, सगळ्यात पन्नाशीच्या वर असलेला पोरगा पायरेट्सकडे शेवटचा कधी होता ते सांगा.

तीननद्या

वयाचा मुद्दा बरोबर आहे. मी तो कमी लिहिला, ती माझी चूक.

पण जॅक्सन हॉलिडेचं काय? तोही एक नंबर, तोही शॉर्टस्टॉप. २०२४ च्या एप्रिलमध्ये बॉल्टिमोरने विसाव्या वर्षी वर आणला. ३४ वेळा बॅटिंग, २ हिट, १८ स्ट्राइकआउट, आणि दहा सामन्यांनंतर परत मायनर लीगमध्ये, नॉरफोकला. पुढे सावरला, चांगलाच सावरला. पण त्या दोन आठवड्यांत त्याला किती शिव्या पडल्या ते आठवा. यादीने अपेक्षा वाढवली होती, आणि ती फेडायची वेळ पोरावर आली.

डावखुरा

तुम्ही दोघं प्रॉस्पेक्ट मोजताय. मी मालक मोजतो.

मेजर लीगच्या हंगामात १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या संघात जायला मोकळा. म्हणून संघ पोराला "अजून तयार नाही" म्हणत खाली कुजवतात. २०१५ ला शिकागोने क्रिस ब्रायंटला असा वर आणला की त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी! त्याने दाद मागितली, पाच वर्षांनी निकाल लागला आणि तो हरला.

स्कीन्सच्या वेळी आपण काय केलं? एप्रिल अख्खा इंडियानापोलिसला, आपल्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी) संघात घालवला. पण नवा नियम असा, की रुकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत आलात तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ते वर्ष वाचलंच नाही आणि एप्रिल तेवढा गेला. आता ग्रिफिनबद्दलही "घाई नको" सुरू झालं. तीननद्या, तुमचा हा संयम मालकाच्या फार सोयीचा आहे.

तीननद्या

मी मालकाची वकिली करतोय असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. २०१८ ला ग्लासनाऊ, मेडोज आणि बाझ ही तीन होतकरू पोरं देऊन पिचर आर्चर आणला, तेव्हा मैदानाबाहेर फलक घेऊन उभा राहणाऱ्यांत मी होतो. तुम्ही तेव्हा इथे राहायलाही आला नव्हतात.

डावखुरा

आलो नव्हतो. म्हणून माझं गणित चुकतं का?

पार्कवाला

मी बेसबॉल मुलामुळे बघायला लागलो, त्यामुळे चुकलो तर सांगा. पण ग्रीन्सबरोचं वाचून मला कल्याण आठवलं. जानेवारी २०१६, शालेय क्रिकेटचा भंडारी चषक, प्रणव धनावडे नाबाद १००९. जगभर बातमी झाली. समोरचा संघ लहान पोरांचा होता, सीमारेषा जवळ होती, हे सगळं नंतर लोकांच्या ध्यानात आलं. त्या पोराची यात काय चूक? त्याला खेळायला सांगितलं, तो खेळला. आकडा आपण डोक्यावर घेतला आणि मग तो मोठा क्रिकेटर झाला नाही म्हणून त्यालाच बोल लावला.

मी शिवाजी पार्कात वाढलो. माझा मोठा भाऊ सोळा वर्षांखालील संभाव्य खेळाडूंच्या यादीत दोनदा होता. दोन्ही वेळा अंतिम पंधरात नाही. त्याच्यापेक्षा कमी धावांवाले गेले. का गेले, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पन्नाशी उलटली तरी त्याने ते वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवलंय. निवड करणारे काय बघतात हे त्यांचं त्यांनाच माहीत, एवढंच मी शिकलो.

आकडेमोड

दादा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण शाळेचा एक डाव आणि व्यावसायिक लीगमधले १२२ सामने यांची तुलना होत नाही. मायनर लीगमध्ये प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, बॅटला लागून सुटण्याचा वेग मोजतात. मैदान लहान असलं तरी चेंडू किती जोरात मारला ते त्यातून कळतं. तुमच्या भावाच्या वेळी हे असतं तर कदाचित तो निवडला गेला असता.

पार्कवाला

किंवा यंत्राने सांगितलं असतं की नाही. मग कात्रणही राहिलं नसतं. आणि मोजणाऱ्यांच्या नजरेबाहेरही माणूस उरतोच. अमोल मुझुमदार रणजी पदार्पणात २६० मारून, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करून भारतासाठी एक कसोटी खेळला नाही. आज तोच विश्वविजेत्या महिला संघाचा प्रशिक्षक आहे. त्याच्यात काय आहे हे निवडणाऱ्यांना वीस वर्षांत दिसलं नाही.

डावखुरा

मुंबईची मधली फळी तेव्हा कुणाची होती ते बघा. द्रविड, गांगुली, लक्ष्मण, सचिन. जागाच नव्हती! निवडकर्त्यांना दिसत नव्हतं हे म्हणणं चूक आहे.

पार्कवाला

मुंबईची नाही, भारताची. आणि एकही कसोटी नाही? एकही? दुखापती होत नव्हत्या का कुणाला?

*(इथून अकरा प्रतिसाद मुझुमदार, कांबळी आणि १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यावर आहेत. संपादक: कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा.)*

सासवडची

सगळं वाचलं. दोन दिवस गप्प बसले होते, आता राहवत नाही.

आम्ही आधी एका लहान गावात राहायचो. तिथे मायनर लीगचा संघ होता, २०२० नंतर जे चाळीस संघ साखळीतून गेले त्यांतला. आमच्या समोरच्या घरात पाच पोरं भाड्याने राहायची. गाद्या नव्हत्या, हवा भरायच्या गाद्यांवर झोपायची. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, तरी बाकीचे पीनट बटर खाऊन दिवस काढायचे आणि हा कोरडा ब्रेड. मी पोळी-भाजी नेऊन द्यायचे. ट्रिपल-एचा वर्षाचा किमान पगार २०२२ मध्येही १७,५०० डॉलरच होता, आणि ही पोरं त्याच्या कितीतरी खाली. हंगाम संपला की गोदामात काम. २०२३ मध्ये युनियनचा करार झाला आणि तो आकडा ३५,८०० झाला. संघांनी घरं द्यायला लागून एक वर्ष झालं होतं तेव्हा.

त्या पाचांतलं एकही नाव तुमच्या कुठल्याच यादीत कधी आलं नाही. आणि तुम्ही इथे "फसला", "बुडाला", "खाली सरकला" लिहिताय. टर्मार जॉन्सन २००४ सालचा आहे हो. आपल्याकडे त्या वयाचं पोर पदवीची शेवटची परीक्षा देत असतं.

आकडेमोड

ताई, ग्रिफिनला ६५ लाखांवर बोनस मिळालाय. त्याची दया करायची गरज नाही. चर्चा मूल्यमापनाची आहे, पोळी-भाजीची नाही.

सासवडची

पोळी-भाजीचीच आहे. उपाशी पोरगा चेंडू किती जोरात मारतो हे तुमच्या यंत्राने मोजलं. तो उपाशी आहे हे मोजलं का?

तीननद्या

आकडेमोड, हे असं बोलायचं नाही इथे.

ताईंचा मुद्दा अवांतर नाही. आपल्याच संघाने २००८ ला रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं होतं. उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी पोरं, बेसबॉल हातात धरून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा आपल्या मंडळात सगळे हसले. मीही हसलो. जाहिरातबाजी आहे म्हणालो. दिनेश २०१० ला गेला. पण रिंकू हंगामामागून हंगाम टिकला, मायनर लीगमध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या संघापर्यंत चढला, मग कोपराची शस्त्रक्रिया झाली. शून्यातून आलेला पोरगा व्यावसायिक बॅटरना बाद करत होता, आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही याचंच मला हसू येत होतं. ते आज आठवलं की मान खाली जाते.

आकडेमोड

ताई, पोळी-भाजीचं वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं.

बाकी माझं मत तेच आहे. खाणं-झोपणं सुधारलं की आकडेही सुधारतात, आणि म्हणूनच जुन्या याद्यांपेक्षा आजच्या याद्यांवर माझा जास्त विश्वास आहे. बुलिंग्टनच्या काळातल्या फसवणुकीवरून आजच्या पोराचं भाकीत करू नका.

तीननद्या

हे मला पटतं, पूर्ण नाही पण पटतं. २००२ चा राग मी २०२५ च्या पोरावर काढतोय, हे बायकोनेही अल्टूनाहून परतताना गाडीत सांगितलं होतं.

तरी एक सांगा. २०२५ मध्ये स्कीन्सने १.९७ ईआरए टाकला आणि त्याचे जय-पराजय १०-१०. संघाचे होमरन ११७, तीस संघांत सगळ्यात कमी. संघ ७१-९१. साय यंग विजेता बरोबरीत राहतो त्या संघात १९ वर्षांच्या पोराने एकट्याने काय करायचं? त्याच्या पुढे-मागे बॅटिंगला कोण आहे?

डावखुरा

आता कसं मालकापर्यंत पोचलात. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय.

तीननद्या

पोचलो. पण एप्रिलमध्ये थेट पिट्सबर्गला आणा हे अजून पटत नाही. महिना-दीड महिना इंडियानापोलिसला खेळू दे. तिथे चाळीस सामन्यांत स्ट्राइकआउट आटोक्यात राहिले तर मी स्वतः इथे येऊन लिहीन की मी चुकलो.

आकडेमोड

लिहून ठेवतोय.

सासवडची

मी आता कोलंबसला असते. इंडियानापोलिसचा संघ इथे खेळायला येतो. तो आला की सांगा, डबा घेऊन जाईन.